‘जनता म्हणजे फक्त आम्हीच!’ : हंगेरीचा पॉप्युलिझम, तिथले रोमा बौद्ध आणि आपल्यासाठी एक कसोटी

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी संध्याकाळी चर्चा होते. एका रविवारी विषय होता युरोपातील पॉप्युलिस्ट पक्षांची वाढ. फळ्यावर आम्ही राज्यशास्त्रातली एक गाजलेली व्याख्या लिहिली. नेदरलँड्सचे अभ्यासक कास मुडे यांनी ती २००४ साली मांडली. तिचा आशय असा : समाज दोन गटांत वाटलेला आहे, एकीकडे निर्मळ जनता आणि दुसरीकडे भ्रष्ट मूठभर, आणि राजकारण केवळ जनतेच्या इच्छेने चालले पाहिजे, असे मानणारा विचार म्हणजे पॉप्युलिझम.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने लगेच विचारले, “मग आपण तरी वेगळं काय बोलतो? पंच्याऐंशी टक्के बहुजन आणि वरचे मूठभर, हीच तर आपली भाषणं असतात. आपणही पॉप्युलिस्टच का?”

खोली शांत झाली. काही जण हसले, काही जण चिडले. आम्हाला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. पण प्रश्न खरा होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. आमच्या परीने उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दाचा गोंधळ आधी दूर करू

मराठी वर्तमानपत्रे पॉप्युलिझमला ‘लोकानुनय’ म्हणतात. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर मोफत वीज, खात्यात पैसे, कर्जमाफी एवढेच डोळ्यांसमोर येते. युरोपातील राज्यशास्त्रज्ञ मात्र या शब्दाने योजनांविषयी बोलत नाहीत. ते बोलतात जनतेच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्याविषयी.

मुडे पॉप्युलिझमला ‘पातळ’ विचारसरणी म्हणतात. ती एकटी उभी राहू शकत नाही, कशाला तरी चिकटते. ग्रीसमध्ये सिरिझा किंवा स्पेनमध्ये पोदेमोस या पक्षांच्या रूपाने ती डावीकडे गेली. फ्रान्समध्ये मारीन ल पेन यांचा पक्ष, जर्मनीत एएफडी, हंगेरीत विक्टर ओर्बान यांचा फिदेस या पक्षांत ती राष्ट्रवादाला आणि स्थलांतरितांच्या द्वेषाला चिकटली. बेल्जियमच्या विचारवंत शांताल मूफ तर म्हणतात की डाव्यांनी हे हत्यार मुद्दाम हाती घ्यावे, कारण त्याशिवाय सामान्यांना एकत्र बांधता येणार नाही. म्हणजे अभ्यासकांमध्येही यावर एकमत नाही.

युरोपभरच्या शंभराहून अधिक राज्यशास्त्रज्ञांनी मिळून पॉप्युलिस्ट, अतिउजव्या आणि अतिडाव्या पक्षांची एक यादी बनवली आहे. तिच्या आधारे २०२३ मध्ये काढलेल्या हिशोबानुसार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात अशा पक्षांना सुमारे १२ टक्के मते मिळत होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती २० टक्के झाली आणि २०२२ मध्ये ३२ टक्के. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी २०.८ टक्के मतांसह दुसऱ्या क्रमांकावर आला.

आमच्या अभ्यासिकेतल्या प्रश्नाला मात्र सर्वात जवळचे उत्तर प्रिन्स्टन विद्यापीठातील जर्मन अभ्यासक यान-वेर्नर म्युलर यांच्याकडे मिळते. ते म्हणतात, सत्ताधाऱ्यांवर किंवा श्रीमंतांवर टीका केली म्हणून कोणी पॉप्युलिस्ट ठरत नाही. तसे असते तर जगातला प्रत्येक विरोधी पक्ष पॉप्युलिस्ट ठरला असता. खरी खूण पुढची आहे : “खऱ्या जनतेचे प्रतिनिधी फक्त आम्ही” हा दावा. हा दावा केला की विरोधात मत देणारा माणूस विरोधक राहत नाही, तो जनतेतूनच वजा होतो.

हंगेरीत काय घडले

हा दावा कायद्यात उतरला की काय होते, याचे सर्वात जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण हंगेरी आहे. ओर्बान २००२ ची निवडणूक हरले तेव्हा ‘मातृभूमी विरोधी बाकावर बसू शकत नाही’ अशा आशयाचे वाक्य ते बोलले होते. म्हणजे आमचा पक्ष हीच मातृभूमी आणि जिंकलेला पक्ष परका! म्युलर हे उदाहरण आवर्जून देतात.

२०१० मध्ये फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मते आणि ६८ टक्के जागा मिळाल्या. दोन तृतीयांश बहुमत हाती आले आणि त्या देशात राज्यघटना बदलायला तेवढे पुरेसे होते. एप्रिल २०११ मध्ये सत्ताधारी आघाडीच्या मतांवर, सार्वमत न घेता, नवी राज्यघटना मंजूर झाली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले, त्यामुळे अनेक ज्येष्ठ न्यायाधीश एका झटक्यात घरी गेले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये हा निर्णय बेकायदा ठरवला, पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या. निवडणुकीचे नियम आणि मतदारसंघ नव्याने आखले गेले. २०१४ मध्ये मते सुमारे ४५ टक्क्यांवर घसरली, तरी १९९ पैकी १३३ जागा, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश! २०१८ च्या शेवटी सरकारच्या बाजूची चारशेहून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे एकाच प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेली.

यात रणगाडे रस्त्यावर आले नाहीत. आणीबाणी पुकारून सुरुवात झाली नाही. प्रत्येक गोष्ट संसदेत, मतदानाने, राजपत्रात छापून झाली. हंगेरीच्या घटनेचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापक किम लेन शेपेल या पद्धतीला कायद्याच्या मार्गाने येणारी हुकूमशाही म्हणतात.

हे वाचताना बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण आठवल्याशिवाय राहत नाही. घटनेचे शब्द न बदलताही, केवळ प्रशासनाचे रूप बदलून घटनेचा आत्मा मारता येतो, हा इशारा त्यांनी तेव्हा दिला होता. संविधानिक नैतिकता आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. युरोपातील विद्यापीठे आज ज्यावर ग्रंथ लिहीत आहेत, त्याची नोंद आपल्या संविधान सभेच्या इतिवृत्तात आधीपासून आहे.

‘जनते’तून कोण वजा झाले?

हंगेरीविषयी आपल्याला आणखी एका कारणाने आस्था असायला हवी. त्या देशाच्या ईशान्येला मिश्कोल्त्स शहराजवळ शायोकाझा नावाचे गाव आहे. तिथे २००७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू झाली. यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांविषयी वाचले, महाराष्ट्रात येऊन इथली चळवळ पाहिली आणि परत जाऊन ‘जय भीम’ याच नावाने बौद्ध संघटना उभी केली. शाळेतील मुले बहुतेक रोमा समाजाची.

रोमा, म्हणजे ज्यांना युरोप तुच्छतेने ‘जिप्सी’ म्हणत आला, त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत आहे. रोमानी भाषेत माणसाला ‘मनुश’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणतात. हंगेरीच्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांहून थोड्या जास्त लोकांनी स्वतःला रोमा म्हणून नोंदवले. अभ्यासकांचे अंदाज याच्या दुपटीपेक्षा जास्त आहेत. नाव नोंदवायला माणूस का कचरतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भाड्याची खोली शोधताना आडनाव लपवणारी पिढी आपण पाहिली आहे.

ओर्बान आले म्हणून रोमांवर अन्याय सुरू झाला, असे मात्र नाही. २००८-०९ मध्ये, समाजवादी पक्ष सत्तेत असताना, ठरवून केलेल्या हल्ल्यांत सहा रोमा मारले गेले. त्यात पाच वर्षांचा एक मुलगाही होता. घराला आग लावून बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. जातीय किंवा वांशिक द्वेष पक्ष बघून येत नाही, तो आधीपासून असतो. पॉप्युलिस्ट सत्ता त्या द्वेषाला ‘जनतेची न्यायबुद्धी’ असे प्रतिष्ठित नाव देते.

ग्योंग्योशपाता गावाचे प्रकरण पाहा. तिथल्या शाळेत रोमा मुलांना वर्षानुवर्षे वेगळ्या वर्गात बसवून निकृष्ट शिक्षण दिले गेले. सुमारे साठ माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना जवळपास १० कोटी फोरिंटची भरपाई मंजूर केली. जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान ओर्बान यांनी या निकालावर उघड टीका केली. काही काम न करता एका समूहाला मोठी रक्कम मिळते आणि बाकीचे दिवसभर राबतात, हे लोकांच्या न्यायबुद्धीला पटत नाही, असा त्यांचा सूर होता. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, तेव्हा संसदेने कायदाच बदलला : यापुढे अशा प्रकरणांत पैशांऐवजी शिक्षण-प्रशिक्षणाच्या रूपात भरपाई द्यावी.

या युक्तिवादात ‘आम्ही राबतो आणि यांना फुकट मिळते’ हे वाक्य ओळखीचे वाटते ना? शिष्यवृत्तीच्या रांगेत, वसतिगृहाच्या दारात, ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच वाक्य आपण मराठीत ऐकले आहे.

धर्माच्या बाबतीतही तेच. २०११ च्या नव्या कायद्याने तीनशेहून अधिक धार्मिक समूहांचा अधिकृत दर्जा गेला. तो परत मिळवायचा तर संसदेची दोन तृतीयांश मते लागत! जय भीम संघटनाही दर्जा गमावलेल्यांमध्ये होती. दर्जा गेला की शाळेला मिळणारी वाढीव सरकारी मदतही जाते. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा कायदा धर्मस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिदेसनेच लीव्हिया यारोका या रोमा महिलेला युरोपीय संसदेत पाठवले आणि २०१७ मध्ये त्या तिथे उपाध्यक्ष झाल्या. म्हणजे अशी सत्ता प्रत्येकाला बाहेर काढतेच असे नाही. काहींना खुर्चीही देते. खुर्ची मिळालेल्याला समाजाच्या वतीने सत्तेला जाब विचारता येतो का, हा प्रश्न आपल्या राखीव मतदारसंघांनाही जुना आहे.

अभ्यासकांचे काम आपल्या कामी कसे येते?

‘हे प्राध्यापक लोक लिहितात, त्याचा वस्तीला काय उपयोग?’ असे कार्यकर्ते म्हणतात. आम्हीही म्हणायचो. तीन उदाहरणे देतो.

पहिले, चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा शहराचे. तिथे रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या विशेष शाळांत टाकले जात होते. एकेका मुलाचे प्रकरण पाहिले तर ‘चाचणीत कमी गुण’ हे कारण तयार असायचे. कार्यकर्त्यांनी शहरातील शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावली पाठवून आकडे गोळा केले. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा २७ पटींनी जास्त आहे, असे त्यातून दिसले. २००६ मध्ये मानवी हक्क न्यायालयात हार झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने आकडेवारी ग्राह्य मानून भेदभाव सिद्ध झाल्याचे म्हटले. एका प्रश्नावलीत किती ताकद असते ते पाहा.

दुसरे, हंगेरी आणि रोमानियाच्या ग्रामीण भागात इझाबेला मारेस आणि लॉरेन यंग या राज्यशास्त्रज्ञांनी केलेले काम. हंगेरीत बेरोजगारांना सार्वजनिक कामांवर किमान वेतनापेक्षा कमी पैशांत घेतले जाते. आपल्या रोजगार हमीसारखे वाटेल, पण कामावर कोणाला घ्यायचे हे बरेचसे गावच्या महापौराच्या हातात असते. मत चुकीच्या जागी गेले तर काम जाईल, ही भीती निवडणुकीत कशी वापरली जाते, ते त्यांनी दाखवले. गरिबाला ‘लाभार्थी’ बनवून धाकात ठेवणे हाही राजकारणाचाच भाग आहे.

तिसरे, तारिक अबू-चादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पश्चिम युरोपातील बारा देशांचा अभ्यास. अतिउजव्यांची मते परत मिळवण्यासाठी मुख्य पक्षांनी स्थलांतरितांविरुद्ध त्यांचीच भाषा उचलली, तर त्यांना फायदा होतो का? पुरावा मिळाला नाही. नक्कल करून मते परत येत नाहीत, उलट मूळ दुकानदाराचा माल अधिक प्रतिष्ठित होण्याचा धोका असतो.

अभ्यासकांचे म्हणणे अर्थातच अंतिम सत्य नाही. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील व्ही-डेम संस्थेने २०२० च्या अहवालात हंगेरीला आणि २०२१ मध्ये भारताला ‘निवडणुकीतून आलेली एकाधिकारशाही’ अशा वर्गात टाकले. भारत सरकारने ते फेटाळले. अशी मोजमापे मोठ्या प्रमाणात तज्ज्ञांच्या मतांवर उभी असतात, असा आक्षेप काही राज्यशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. आपण दोन्ही बाजू वाचाव्यात. आवडला अहवाल की नाचवायचा आणि नावडला की परकीय कट म्हणायचा, हे आपले काम नव्हे.

पण सत्तेला अभ्यासक नकोसे का होतात, ते पाहावे. हंगेरीच्या सरकारने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यामुळे बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला आपले मुख्य अध्यापन व्हिएन्नाला हलवावे लागले. २०१८ मध्ये लिंगभाव अभ्यासाच्या पदव्युत्तर पदवीची मान्यता काढली गेली. २०१९ मध्ये विज्ञान अकादमीच्या संशोधन संस्था अकादमीकडून काढून घेतल्या गेल्या. कारण साधे आहे. ‘जनता एकच आहे आणि आम्ही तिचा आवाज आहोत’ असे म्हणणाऱ्याला, जनता मोजणारा माणूस परवडत नाही. मोजायला गेले की जनतेत स्त्रिया दिसतात, रोमा दिसतात, बेघर दिसतात. जातनिहाय जनगणनेची मागणी आपल्याकडे इतकी वर्षे का रखडली, याचे उत्तरही इथेच कुठेतरी आहे.

बाबासाहेबांची कसोटी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मे १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी दोन प्रकारच्या बहुमतांतला फरक सांगितला. राजकीय बहुमत बनते, मोडते आणि पुन्हा बनते. त्याचे दार सर्वांना उघडे असते. जातीय बहुमत मात्र जन्माने ठरलेले असते. त्यात बाहेरचा शिरू शकत नाही आणि ते कायमचे असते.

आमच्या मते पॉप्युलिझम ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही. एखादा नेता राजकीय बहुमताला जन्मजात बहुमत म्हणून मिरवू लागला, पाच वर्षांसाठी मिळालेल्या मतांना ‘खऱ्या जनतेचा’ कायमचा कौल म्हणू लागला, की समजावे पाणी कुठे मुरते आहे.

पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्के मतदान झाले. आठ वर्षे सत्तेत असलेला कायदा आणि न्याय पक्ष सुमारे ३५ टक्के मतांसह पहिला आला, तरी वेगवेगळ्या विचारांच्या पक्षांनी जुळवलेल्या बहुमतामुळे सत्तेबाहेर गेला. २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या पाठिंब्याचा उमेदवार थोड्या फरकाने राष्ट्राध्यक्ष झाला. बहुमत बनते आणि मोडते, ते असे. ही ये-जा चालू आहे तोवर लोकशाही जिवंत आहे.

मग बहुजनांची भाषा कुठे बसते? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. लगेच हेही स्पष्ट केले की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीचे हक्क असा अर्थ नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते. इथे शत्रू जन्माने ठरत नाही. मागणी हिश्श्याची आहे, मालकीची नाही. आणि अल्पसंख्याकांचे हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडायचे नाहीत, हा आग्रह तर बाबासाहेबांच्या राजकारणाचा कणाच होता. म्हणून बहुजनांचा विचार पॉप्युलिझम नाही.

पण आपले प्रत्येक भाषण या कसोटीला उतरते का? ‘समाज फक्त आमच्या गटाच्या पाठीशी आहे’, ‘आमच्यासोबत नाही तो समाजाचा गद्दार’, ‘खरे आंबेडकरवादी आम्हीच’ ही वाक्ये आपल्याच मंचांवरून येतात. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याने आपणच मूळ असल्याचा दावा कसा केला, ते आपण जाणतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले होते. तो इशारा फक्त दुसऱ्यांच्या नेत्यांसाठी होता असे समजण्याचे कारण नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही पारख मोर्चातल्या घोषणेलाही लावावी लागेल आणि आपल्या मोबाइलवर आलेल्या आकड्यालाही.

आमच्या अभ्यासिकेने त्यानंतर एक छोटे काम हाती घेतले आहे. वस्तीतल्या प्रत्येक घरातील मुलांची शाळागळती, शिष्यवृत्ती कधी मिळाली आणि किती महिने उशिरा मिळाली, याची एक प्रश्नावली. ती मुलगीच ती तयार करते आहे. पहिल्याच बैठकीत तिने विचारले, “वस्तीच्या पलीकडच्या टोकाला पारध्यांची आणि मुस्लिमांची घरं आहेत, ती घ्यायची की नाही?”

घ्यायची, असे एकमताने ठरले. आमची जनता कोण, याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी भाषणात सापडले नव्हते. यादीत सापडायला सुरुवात झाली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!